मोर्चाला माणसे आहेत, मनाला आधार द्यायला कोण आहे?

घटना घडल्यावर काय करायचे हे आपल्या चळवळीला चांगले ठाऊक आहे. अत्याचार झाला की कार्यकर्ते पोलीस ठाण्यात पोहोचतात, अ‍ॅट्रॉसिटीची कलमे लावून घेतात, पंचनाम्यावर लक्ष ठेवतात, तहसीलवर मोर्चा नेतात. हे शहाणपण फुकट मिळालेले नाही. पण ज्याच्या घरी घटना घडली त्याला झोप लागते का, आई जेवते का, मूल शाळेत जाते का, हे पाहायचे काम कुणाकडे असते? बहुतेक ठिकाणी कुणाकडेच नसते. या कामासाठी कार्यकर्ता तयार करता येतो आणि बारामती-इंदापूर तालुक्यांत आपण तो केला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

काही जण म्हणतील, हे शहरातल्या सुखवस्तू लोकांचे चोचले. आमच्या आयांनी याहून मोठी दुःखे गिळली. गिळली हे खरे, पण गिळलेले सगळेच पचते असे नाही. १९०१ साली बालवयातले भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांकडे निघाले होते. मसूर स्टेशनवर जात कळली आणि गाडीवाले त्यांना नेईनात. पुढे रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग तीस-पस्तीस वर्षांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बारीकसारीक तपशिलांसह लिहिला. तोवर कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या झाल्या होत्या, चवदार तळ्याचा संग्राम झाला होता. तरी ती रात्र मनातून गेली नव्हती. मग ज्याच्या हाती लेखणीही नाही, त्याच्या मनात अशा रात्रीचे काय होत असेल?

दुःखिताजवळ बसण्याची रीत आपल्याला परकी नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी किसा गोतमीची कथा घेतली आहे. मेलेले मूल घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या आईला तथागतांनी झिडकारले नाही की लगेच उपदेशही केला नाही. ज्या घरात कुणी मेले नाही तिथून मोहरी आण, असे सांगून त्यांनी तिला घरोघर पाठवले. ती लोकांत गेली, त्यांचे ऐकले आणि मूल गेल्याचे सत्य तिने स्वतः स्वीकारले.

आधुनिक काळात या कामाला शिस्त लागली ती अग्निशमन आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांमुळे. अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये एक पद्धत मांडली. भीषण घटनेनंतर काही दिवसांत कर्मचाऱ्यांना एकत्र बसवायचे आणि काय पाहिले, काय वाटले हे टप्प्याटप्प्याने बोलायला लावायचे. ही पद्धत जगभर पसरली आणि सामान्य आपद्‌ग्रस्तांवरही वापरली जाऊ लागली. मग तिची तपासणी झाली. २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात असे दिसले की घटनेनंतर एकदाच बसवून सगळे बोलून घेतल्याने पुढचा आजार टळत नाही. उलट काहींना त्याचा त्रासच होऊ शकतो. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचा मंत्र तीन शब्दांचा आहे: पाहा, ऐका, जोडा. धोका आणि गरज पाहा, माणूस बोलेल तेवढेच ऐका आणि त्याला हव्या त्या मदतीशी जोडून द्या. खोदून विचारू नका.

हा इतिहास आपल्याला लागू पडतो, कारण आपण नेमके खोदूनच विचारतो. सकाळी एका संघटनेची सत्यशोधन समिती, दुपारी दुसरीची, संध्याकाळी चॅनेलवाले. प्रत्येक जण त्याच बाईला पहिल्यापासून सांगायला लावतो आणि कुणीतरी मोबाईलवर तिचे रडणे टिपत असतो. सत्यशोधन हवेच. २९ सप्टेंबर २००६ चे खैरलांजी कार्यकर्त्यांनी खणून काढले नसते तर दाबले गेले असते. पण त्याच खैरलांजीचे भैय्यालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ ला वारले, तोपर्यंत दहा वर्षे ते मारल्या गेलेल्या बायको-मुलांसाठी न्याय मागत होते. आपण त्यांना व्यासपीठावर बसवले, हार घातले. सभा संपल्यावर त्यांच्या एकटेपणाचे काय, याची व्यवस्था चळवळ म्हणून आपण उभी केली का?

कार्यकर्त्यांचीही तीच गत. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण मारले गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. कुणाच्याही आत्महत्येचे एकच कारण सांगू नये. पण अशा आठवड्यात आपल्यातले कोण खचले आहे हे ओळखणारी नजर चळवळीत असावी, एवढा धडा तरी घ्यायला हवा होता. १ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर बंद झाला आणि अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले. त्यांच्यासाठी वकील शोधले गेले. पोरांच्या मनाकडे कुणी पाहिले?

हे काम डॉक्टरांनीच करायचे, असेही नाही. १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर मानसोपचारतज्ज्ञ अपुरे होते, म्हणून साध्या डॉक्टरांना प्रशिक्षण दिले गेले. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळानंतर आणि २००४ च्या त्सुनामीनंतर बंगळुरूच्या निम्हान्सने गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार करण्यावर भर दिला. पण त्याच त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलित कुटुंबांना मदत छावण्यांत भेदभाव सोसावा लागला. आपत्ती जात पाहत नाही, मदत पाहते. म्हणून आधार देणारा वस्तीतलाच हवा, नाहीतर निदान वस्तीतल्या घरचे पाणी पिणारा तरी हवा.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात कलम १५-अ आले. पीडितांना सन्मानाने वागवावे, त्यांचे वय, लिंग, गरिबी यांतून येणाऱ्या खास गरजा लक्षात घ्याव्यात, असे ते सांगते. सामाजिक संस्था, समाजकार्यकर्ते वा वकिलांची मदत घेणे हा त्यांचा हक्क आहे, असेही त्यात लिहिले आहे. म्हणजे पीडिताला हवा असलेला कार्यकर्ता जवळ असणे ही मेहरबानी नव्हे. प्रश्न एवढाच की जवळ बसलेल्याला काय येते?

आता आपल्या तालुक्यांकडे पाहा. मार्च २०२३ मध्ये बारामतीच्या खांडज गावात गोबरगॅसची टाकी साफ करताना ४ जण गुदमरून मेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंदापूरच्या म्हसोबाचीवाडीत विहिरीचे काम करणारे ४ मजूर ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि मृतदेह बाहेर यायला काही दिवस लागले. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे येणारी बोट उजनीच्या पाण्यात बुडाली, ६ जण गेले. यांतल्या प्रत्येक ठिकाणी घरचे लोक काठावर जीव मुठीत धरून होते. तिथे यंत्रणा येते, पुढारी येतात, बघ्यांची गर्दी होते. काठावर बसलेल्या आईला पाणी देणारा, गर्दी मागे सारणारा, खरी बातमी हळू आवाजात सांगणारा आणि लेकरांना बाजूला नेणारा माणूस मात्र नशिबानेच भेटतो.

तो नशिबावर सोडू नये. दर मोठ्या वस्तीतून दोन बाया, दोन तरुण निवडावेत. बुद्धविहारात दोन दिवसांचे शिबिर घ्यावे आणि पुढे दर महिन्याला उजळणी ठेवावी. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मनोविकारतज्ज्ञांना शिकवायला बोलवावे. शिकायचे ते असे: शांत बसणे, “रडू नको” न म्हणणे, खोटी आशा न देणे, सांगितलेले चावडीवर न नेणे. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. धोका दिसला तर माणसाला एकटे सोडू नये, दवाखान्यात न्यावे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक पाठ असावा. महिना उलटला तरी झोप नाही, काम होत नाही, तर डॉक्टर गाठावा. भगत, देवऋषी नव्हे. अत्याचाराच्या प्रकरणात हकिगत वकिलाच्या सल्ल्याने एकदा नीट लिहून घ्यावी, बाकीच्या समित्यांनी ती वाचावी. आणि घटनास्थळावरून परतलेल्या कार्यकर्त्यालाही आठवडाभराने कुणीतरी विचारावे, “तू कसा आहेस?”

मन फुटलेला साक्षीदार कोर्टात टिकत नाही, खचलेले कुटुंब तडजोडीला तयार होते आणि थकलेला कार्यकर्ता एक दिवस येणे बंद करतो. गावातला धनदांडगा नेमकी याचीच वाट पाहत असतो. समता सैनिक दलाने आपल्याला रांगेत उभे राहायला शिकवले. आता रांगेतला शेजारी कोसळतोय हे ओळखायलाही शिकू या. येत्या वर्षावासात आपल्या विहारात पहिले शिबिर ठेवा. यादी करायला आजच बसा.

जय भीम! नमो बुद्धाय!