यंत्र रुसतं तेव्हा

कागल पंचतारांकित एमआयडीसी म्हटलं की बाहेरगावचा माणूस हॉटेल शोधायला लागतो. इथं आहेत इंजिनांचे आणि कापडाचे कारखाने, फाउंड्रीची धूळ आणि शिफ्ट सुटली की हायवेला लागणाऱ्या मोटारसायकली. इथल्याच एका शेडमध्ये वेल्डिंगचा रोबो मध्येच थांबलेला मी पाहिला. जाळीच्या पिंजऱ्यावरचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला. ऑपरेटर म्हणाला, "रुसलंय बघा गडी आज."

रोबो म्हणजे नुसता एक हात. ना डोळे, ना तोंड. मग रुसवा दिसला कुठं?

1944 साली फ्रित्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात फक्त दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकट. 'काय दिसलं?' असं विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी भांडणाची गोष्ट सांगितली. मोठा त्रिकोण दांडगा, वर्तुळ घाबरलेलं. चेहरा कुणालाच नव्हता, होती ती फक्त चाल. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर कलाकारांना हे प्रयोगशाळेविना ठाऊक होतं. त्यांच्या कळसूत्री बाहुल्यांचा लाकडी चेहरा एकदा कोरला की बदलत नाही. दोरी ढिली होते, मान झुकते आणि समोरच्याला दुःख दिसतं.

चेहरा हलायला लागला की मात्र भानगड वाढते. यशवंत पाध्यांचा अर्धवटराव शंभरी ओलांडून गेला, पण त्याच्या मिश्कीलपणाला अजून कुणी घाबरत नाही. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनीच 1993 च्या 'झपाटलेला'साठी तात्या विंचू घडवला आणि त्यानं आमच्या पिढीची झोप उडवली. घराणं एकच, पण भाव पार उलटे. मासाहिरो मोरी या जपानी प्राध्यापकानं 1970 मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्र माणसासारखं दिसत गेलं की आपुलकी वाढते, पण फारच जवळ गेलं की एकदम अंगावर काटा येतो.

अमेरिकेत एमआयटीमध्ये सिंथिया ब्रिझील यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'किस्मत' बांधला (हो, आपल्याच शब्दाचं नाव). मोठे डोळे, भुवया, लाल ओठ आणि वर-खाली होणारे कान. माणसाची नक्कल टाळून त्यांनी जनावराचे कान उचलले, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. कारण खुद्द माणसाच्या चेहऱ्यावरही आपण चुकतो. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझन यांनी न्यू गिनीतल्या फोरे लोकांना फोटो दाखवले, तेव्हा त्यांना भीती आणि आश्चर्य वेगळं करता आलं नाही. भरतमुनींनी भय आणि विस्मय वेगळ्या खान्यांत ठेवले खरे, पण त्यांच्या नटाजवळ हात, पाय, आवाज सगळं होतं. नुसत्या फोटोवरून त्यांनाही जमलं असतं का, कोण जाणे.

कारखान्यात हा प्रश्न जिवावरचा असतो. 1961 मध्ये 'युनिमेट' हा पहिला औद्योगिक रोबो अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यात कामाला लागला. 1979 मध्ये मिशिगनमध्ये रॉबर्ट विल्यम्स हा कामगार रॅकवर चढून सुटे भाग काढत असताना रोबोच्या हाताचा तडाखा बसून मेला. तो हात आपल्याकडे येतोय हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. म्हणून पिंजरे, म्हणून दिवे.

2012 मध्ये रॉडनी ब्रूक्स यांच्या कंपनीनं 'बॅक्स्टर' आणला. ब्रूक्स म्हणजे ब्रिझील यांचे गुरू. बॅक्स्टरच्या पडद्यावर डोळे होते. हात जिकडे जाणार तिकडे ते आधी बघायचे, आणि काम कळलं नाही की भुवई वर जायची. पिंजरा नको, डोळे पुरेत, अशी ही कल्पना. 2018 मध्ये कंपनी बंद पडली. बाजारानं वेग आणि अचूकपणा मागितला, भुवई नाही.

निघताना मी ऑपरेटरला विचारलं, "रुसलाय हे तुम्हाला दिव्यावरून कळतं का?"

"दिवा मागनं लागतोय. त्याआधी त्यो कोपरात अडखळतोय की."