एका चेकचं कूळ

बँकेत चेक वटतो, विमानतळावर बॅग चेक होते, दुकानात चेक्सचा शर्ट पसंत पडतो. मराठीत रुळलेले हे तिन्ही चेक इंग्रजीतून आले आणि तिघांचं मूळ एकच: बुद्धिबळाचा पट.

आपलं चतुरंग इराणात गेलं. तिथे राजा म्हणजे शाह. समोरच्याच्या राजावर मोहरा रोखला की ‘शाह!’ म्हणून बजावायचं. हा पुकारा अरबांमार्फत युरोपात पोचला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला आणि इंग्लंडात ‘चेक’. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून ‘चेस’ निघाला. शह बसलेल्या राजाला मोकळं हिंडता येत नाही. म्हणून चेक म्हणजे आधी अटकाव, लगाम, आणि पुढे तपासणी.

यातली सर्वांत देखणी शाखा सरकारी तिजोरीची. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल ज्या मेजावर मोजला जाई, त्याचं वर्णन खजिनदार रिचर्ड फिट्झनीलनं करून ठेवलंय: दहा फूट लांब, पाच फूट रुंद, काठ चार बोटं उंच, वर रेघा आखलेलं काळं कापड. एकेका रकान्यात पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार. येणं किती ते सोंगट्यांनी मांडायचं, खाली भरणा मांडायचा आणि वजा करायचं. वसुली घेऊन आलेला शेरीफ एका बाजूला, खजिनदार दुसऱ्या बाजूला. ही पटावरचीच लढाई, असं फिट्झनील स्वतः म्हणतो. पटाच्या फ्रेंच नावावरून या खात्याला ‘एक्स्चेकर’ नाव पडलं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर म्हणवतो. कापडावरच्या चौकटींना ‘चेक्स’ हे नावही या पटाचंच.

अठराव्या शतकात बँकेच्या कागदाच्या स्थळप्रतीला ‘चेक’ म्हणू लागले, कारण तिच्यामुळे खोट्या कागदाला आळा बसे. हळूहळू ते नाव मूळ कागदालाच चिकटलं. ब्रिटिशांनी एक्स्चेकरच्या वळणावर त्याचं स्पेलिंग बदललं. अमेरिकेनं जुनंच ठेवलं.

मराठीला मात्र हा शब्द इंग्रजांच्या कितीतरी आधी, थेट फारसीतून मिळाला होता: शह. सोबत ‘मात’ही आली, जी इंग्रजीत ‘चेकमेट’च्या शेपटाला आहे. काटशह तेवढा आपण घरी घडवला.