बेचाळीस दीर्घिका आणि एक धर्मगुरू

विश्व प्रसरण पावत आहे, हे आता पाठ्यपुस्तकांतूनही वाचावयास मिळते. त्या प्रसरणाचा वेग प्रथम एका कॅथलिक धर्मगुरूने मांडला, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र यांना १९२३ साली गुरुदीक्षा मिळाली. १९२७ साली त्यांनी ४२ दीर्घिकांची अंतरे व वेग ताडून पाहिले. दीर्घिकेच्या प्रकाशातील रेषा तांबड्या रंगाकडे किती सरकल्या, यावरून वेग कळतो. अंतर मात्र तिच्या तेजावरून अजमावावे लागते. उत्तर आले : दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३३ लक्ष प्रकाशवर्षांना, सेकंदाला ६२५ किलोमीटर. १९२९ साली एडविन हबल यांनी ५०० च्या आसपासचा आकडा दिला आणि कीर्ती त्यांच्याकडे गेली. १९३१ साली लमेत्र यांच्या फ्रेंच लेखाचा इंग्रजी अनुवाद निघाला, त्यात हे गणित नव्हते. कोणी मुद्दाम गाळले काय, असा संशय पुढे बळावला. २०११ साली उजेडात आलेल्या पत्राने उलगडा केला : अनुवाद स्वतः लमेत्र यांचाच होता. ते तात्पुरते आकडे पुन्हा छापण्याजोगे त्यांना वाटले नाहीत.

आकडे खरोखरच तात्पुरते होते. त्या हिशेबाने विश्वाचे वय दोनशे कोटी वर्षांच्या आसपास येई. पृथ्वीवरील खडक त्याहून जुने निघाले. आईपेक्षा लेकच वडील! तरीही १९५१ साली परमगुरुस्वामी पायस बारावे यांनी या विज्ञानात उत्पत्तीची साक्ष पाहिली. लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत धर्मप्रश्नांपासून अलग आहे, अशी त्यांची धारणा होती. १९५२ साली रोम येथील परिषदेसाठी जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपमहोदयांनी तो दावा पुन्हा केला नाही. त्याच परिषदेत वॉल्टर बाडे यांनी दीर्घिकांची अंतरे जवळजवळ दुप्पट असल्याचे जाहीर केले. वेगाचा आकडा निम्म्यावर आला!

आज एका पद्धतीने ६७, तर दुसऱ्या पद्धतीने ७३ असे उत्तर येते; वाद मिटलेला नाही. २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने या नियमास ‘हबल-लमेत्र नियम’ म्हणावे, अशी शिफारस केली.

आम्हांस त्या सन्मानाहून लमेत्र यांचा संयम मोठा वाटतो. विज्ञानाचे आकडे बदलणारच; त्यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे. आपल्या श्रद्धेस अशा आकड्यांचा टेकू देणाऱ्यांनी, टेकू सरकल्यावर काय करावयाचे, याचा विचार आधीच करून ठेवावा.