न धावलेल्या गाडीचा भाव

2022च्या सुरुवातीला अमेरिकेत एका ऑनलाइन लिलावात होंडाची दोन सीटची गाडी दोन लाख डॉलरला गेली. एस 2000 सीआर, मॉडेल 2009चं. नवी असताना शोरूममध्ये चाळीस हजार डॉलरच्या आत मिळायची. तेरा वर्षांत तिचं रनिंग झालं होतं सव्वाशे मैलांच्या आत. कोल्हापूरहून निघाली असती तर पुणं काही आलं नसतं.

अशा गाड्या गिऱ्हाइकानं पैसे मोजण्याआधी तपासून देणं, हा माझा धंदा. मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहते. लोकांना वाटतं मी आधी इंजिन बघत असेन. मी आधी बघते ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड आणि टायरवरचा चार आकडी शिक्का. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मीटर तीन हजार मैल दाखवत असेल आणि पेडल गुळगुळीत झालं असेल, तर मी पेडलवर विश्वास ठेवते.

ही सवय कोल्हापूरची. उद्यमनगरात बाबांचं मीटर दुरुस्तीचं दुकान होतं. जीप, अॅम्बॅसिडर, प्रीमियर पद्मिनी, सगळ्यांचे मीटर टेबलावर उघडे पडलेले असायचे. तुटलेली केबल महिनोन् महिने तशीच ठेवून गाडी फिरवणारे होते, आणि विकायच्या आदल्या आठवड्यात आकडा मागे घ्या म्हणणारेही होते. त्यामुळे सौदा करताना मीटरकडे कुणी बघतच नसे. ‘रनिंग किती झालंय?’ हा प्रश्न सगळे विचारायचे, उत्तर कुणी ऐकायचं नाही. ज्या आकड्यावर कुणाचाच विश्वास नाही, त्याला पैसे कोण देणार?

म्हणून कमी रनिंगला भाव यायचा तर आधी त्या आकड्याला साक्षीदार हवा होता. अमेरिकेत 1972च्या कायद्यानं मीटरशी छेडछाड हा गुन्हा ठरवला आणि 1986च्या कायद्यानं विक्रीच्या वेळी मालकी हक्काच्या कागदावरच आकडा नोंदवायला लावला. इंग्लंडमध्ये अजूनही नुसतं मीटर मागे घेणं हा गुन्हा नाही. ते लपवून गाडी विकणं हा गुन्हा आहे. पण इथे तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते, आणि 2005च्या सुमारास ती संगणकावर आली. आता कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की वर्षागणिक तिचे मैल समोर येतात. माझं निम्मं काम चहा पिता पिता तिथेच होतं.

साक्षीदार मिळाला, तरी भाव कुठून आला? गिऱ्हाइकांना वाटतं, गाडी झाकून ठेवली की भाव आपोआप वाढतो. याचं उत्तर 1978च्या कॉर्व्हेटकडे आहे.

त्या वर्षी शेव्हरोलेची कॉर्व्हेट इंडियानापोलिसच्या शर्यतीत पेस कार म्हणून पुढे धावणार होती. कॉर्व्हेटचं ते रौप्यमहोत्सवी वर्षही होतं. कंपनीनं वर काळा आणि खाली चंदेरी रंग असलेली खास आवृत्ती काढली आणि प्रत्येक डीलरला निदान एक मिळावी म्हणून 6,502 गाड्या बनवल्या. छापील किंमत 13,653 डॉलर. गाड्या यायच्या आधीच बोभाटा झाला आणि लोक दुप्पट पैसे द्यायला तयार झाले. दारावर लावायची शर्यतीची अक्षरं सुटी मिळायची. कित्येकांनी ती लावलीच नाहीत, पाकिटासकट जपली. सीटवरचं प्लास्टिक जपलं, काचेवरचा किमतीचा कागद जपला. पन्नास वर्षं होत आली. न चालवलेली पेस कार आजही सहज मिळते, कारण सगळ्यांनी एकच शहाणपण केलं. त्या वेळी दुप्पट मोजलेल्यांनी महागाईचा हिशेब मांडला, तर बँकेत ठेवलेले पैसे बरे होते.

दुसरा धडा इथल्या जवळपासच्या गावचा. 1988च्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या मोटर शोमध्ये जॅग्वारनं एक्सजे 220 दाखवली : बारा सिलिंडर, चारही चाकांना ताकद. त्याच ऑगस्टमध्ये एन्झो फेरारी वारले होते, त्यांच्या कंपनीच्या एफ 40साठी लोक मूळ किमतीच्या कित्येक पट मोजत होते. जॅग्वारसाठी पन्नास हजार पौंड अनामत भरायला रांग लागली. रांगेतल्या बऱ्याच जणांना गाडी नको होती, रांगेतला नंबर विकायचा होता. मग ब्रिटनमध्ये व्याजदर 15 टक्क्यांवर गेला, जपानचा फुगा फुटला. 1992मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या ब्लॉक्सहॅमच्या कारखान्यातून गाडी बाहेर आली, तेव्हा तिला सहाच सिलिंडर होते, ताकद फक्त मागच्या चाकांना होती, आणि 2,90,000 पौंडांची बोली 4,70,000वर गेली होती. काही गिऱ्हाइकं करारातून सुटायला कोर्टात गेली. फेरारीनंही एफ 40 चारशेच बनवायचं ठरवून तेराशेच्या वर बनवल्या. एक्सजे 220 जेमतेम 280 झाल्या, तरी पुढे कितीतरी वर्षं निम्म्याहून कमी भावात मिळत होत्या.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरी. 1997मध्ये अमेरिकेत होंडानं अॅक्युरा इंटिग्रा टाइप आर आणली. पुढच्या चाकांवर चालणारी, 1.8 लिटरचं इंजिन, 195 अश्वशक्ती, पण ती मिळायला काटा मिनिटाला 8,000 फेऱ्यांपर्यंत न्यावा लागे. पहिल्या वर्षी 320 गाड्या, सगळ्या पांढऱ्या. भाव चोवीस हजार डॉलरच्या आसपास. हिला कुणी झाकून ठेवलं नाही, कारण ही जपायची वस्तू आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. घेणारी बहुतेक तरुण मुलं. त्यांनी ती ट्रॅकवर पळवली, खाली बसवली, टर्बो लावले, खांबावर घातली. आणि ती चोरीला गेली. टाइप आरचं इंजिन साध्या सिव्हिकमध्ये बसतं, एवढं कारण पुरेसं होतं. अमेरिकन विमा कंपन्यांच्या चोरीच्या यादीत इंटिग्रा अगदी वर असायची.

वीस वर्षांनी तीच मुलं चाळिशीला आली, हातात पैसे आले. त्यांना हवी होती शोरूममधून निघालेली, हात न लागलेली टाइप आर. आणि ती उरलीच नव्हती. 2018मध्ये लास व्हेगासच्या लिलावात बाराशेच्या आत मैल झालेली 1997ची गाडी 63,800 डॉलरला गेली. 2022मध्ये एका 2001च्या गाडीनं एक लाखाचा आकडा ओलांडला. टोयोटा सुप्राचंही तेच झालं. 2001च्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’नं एका पिढीला सुप्राचं वेड लावलं, त्या पिढीनं मिळेल ती सुप्रा कापून-जोडून हजार अश्वशक्तीच्या मागे लावली. म्हणून 2019मध्ये अमीलिया आयलंडच्या लिलावात 11,200 मैलांची, मूळ रूपातली 1994ची सुप्रा 1,73,600 डॉलरला जाऊ शकली.

म्हणजे न धावलेल्या गाडीचा भाव तिच्या मालकानं वाढवलेला नसतो. ज्यांनी आपल्या गाड्या मनसोक्त पिदडल्या, चोरांच्या हाती घालवल्या, भंगारात काढल्या, त्यांनी तो वाढवलेला असतो. झाकणाऱ्याच्या हातात फक्त झाकणं असतं.

आणि झाकणंही फुकट पडत नाही. टायमिंग बेल्ट मैलांनी मरतो तसा वर्षांनीही मरतो. टाकीतलं पेट्रोल चिकट होऊन इंजेक्टर बुजवतं, ऑइल सील सुकतात. एफ 40च्या पेट्रोल टाक्या रबराच्या पिशव्यांच्या. गाडी एक मैल न धावताही त्यांची मुदत संपते आणि बिल भलं मोठं येतं. माझ्या तपासणीचा अहवाल सगळ्यात लांबलचक होतो तो बहुधा सगळ्यात कमी धावलेल्या गाडीचा. तरीही विकत घेणारे मैल कमी बघून जास्त पैसे देतात, आणि मग मैल वाढू नयेत म्हणून स्वतःही चालवत नाहीत. मला विचाराल तर ही कैद आहे, पण गिऱ्हाइकाच्या तोंडावर मी असं बोलत नाही.

2016मध्ये पोर्शेनं 911 आर काढली, फक्त 991. हातानं गिअर बदलायचे, मोठा पंख नाही. काही महिन्यांत छापील किमतीच्या तिप्पट-चौपट मागणी सुरू झाली. पुढच्याच वर्षी पोर्शेनं जवळपास तशीच, हाती गिअरची जीटी 3 टूरिंग आणली आणि 911 आरचे भाव घसरले. मीटर तेच होतं, मैल तेच होते. फक्त शेजारी दुसरी गाडी उभी राहिली.

आज कोणती गाडी घेऊन ठेवू, असं गिऱ्हाइकं विचारतात. ज्या गाडीबद्दल हा प्रश्न आजच सुचतो, ती गाडी हजारो लोक आजच झाकून ठेवताहेत, एवढं मी सांगते. पुढच्या पिढीची महाग गाडी बहुधा आत्ता कुठल्या तरी पोराच्या हाताखाली आहे, आणि ते पोर तिचं वाटोळं करतंय. ती तुम्हाला ओळखता आली, तर इतरांनाही येईल, आणि मग ती महाग होणार नाही. तेव्हा आवडेल ती घ्या, आणि चालवा. तपासून मी देईन.