सी प्लस प्लस
ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीची संगणकभाषा. डॅनिश संगणकतज्ज्ञ ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तिची बांधणी सुरू केली. वेग ‘सी’ या भाषेचा, तर क्लासची कल्पना नॉर्वेतल्या ‘सिम्युला’ भाषेची. आजचे नाव १९८३ चे. जावा व सी शार्पवर तिची छाप उघड दिसते. आपल्याकडील विद्यार्थ्यांपर्यंत ती पोचवण्यात नागपूरचे लेखक यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी प्लस प्लस’ या इंग्रजी पुस्तकाचा वाटा मोठा. ‘सी’वरच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकामुळे त्यांचे नाव अभियांत्रिकीच्या मुलांच्या तोंडी होतेच. १९९८ च्या आयएसओ प्रमाणकात ‘आयओस्ट्रीम’ या हेडर फाइलच्या नावापुढचे ‘डॉट एच’ गळाले. कॉलेजांच्या प्रयोगशाळांत मात्र टर्बो सी प्लस प्लस हा जुना कंपायलर आणि ते ‘डॉट एच’ पुढेही बरीच वर्षे ठाण मांडून होते.