कुस्कोचे सात दिवस आणि कोठारांचा हिशेब

निवृत्तीपूर्वी अर्जित रजेचा साठा थोडा हलका करावा, हा घरात झालेला निर्णय मी शिरोधार्य मानला. ठिकाण निवडण्याचा अधिकार मात्र माझ्याकडे आला, आणि मी कुस्कोचे नाव घेतले. पेरू देशाच्या दक्षिण भागात, अँडीज पर्वतात सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसलेले हे शहर इंका साम्राज्याची राजधानी होते. दिल्लीहून तेथवर पोहोचण्यास दोन-तीन विमाने बदलावी लागतात. जाण्यायेण्याचे दिवस वजा जाता हाती सात दिवस उरतात. परदेशगमनाच्या परवानगीचा अर्ज आपल्या गतीने वर सरकतो आहे. आखणी करण्यास मात्र परवानगी लागत नाही.

शासकीय कामानिमित्त लेहला गेलेल्या वाचकांना उंचीचा त्रास ठाऊक असेल. विमानातून एकदम तेवढ्या उंचीवर उतरले की पहिले दोन दिवस स्वस्थ बसावे लागते. कुस्कोच्या बाबतीत एक सोय अशी की, विमानतळावरून त्याच दिवशी खाली उतरता येते. उरुबांबा नदीच्या खोऱ्यातील ओयांतायतांबो हे गाव सुमारे २,८०० मीटरवर आहे आणि माचूपिच्चू त्याहूनही खाली, २,४३० मीटरवर. म्हणून आमचा क्रम उलटा ठरला: प्रथम खोरे, मग माचूपिच्चू, आणि शरीर सरावले की शेवटचे तीन दिवस कुस्को. मे ते सप्टेंबर हे कोरडे महिने. माचूपिच्चूच्या प्रवेशाला वेळ आणि मार्ग ठरलेले असल्याने तिकिटे आधीच घ्यावी लागतात. पुढचे सर्व तपशील सौभाग्यवतींच्या वहीत आहेत.

बहुतेक प्रवासी माचूपिच्चूसाठी जातात. मला खरी ओढ आहे ती ओयांतायतांबोच्या समोरच्या डोंगरउतारावरील दगडी इमारतींची. त्या देवळे नव्हेत, राजवाडेही नव्हेत. ती धान्याची कोठारे आहेत. क्वेचुआ भाषेत त्यांना ‘कोल्का’ म्हणतात. उंचावर, वाऱ्याच्या झोतात बांधल्याने आतले धान्य थंड व कोरडे राहते. मका, गोठवून वाळवलेले बटाटे, वाळवलेले मांस, कापड, शस्त्रे असे सर्व काही अशा कोठारांत असे. उत्तरेकडील वानुको पांपा या एकाच प्रशासकीय केंद्राभोवती अशी जवळजवळ पाचशे कोठारे मोजली गेली आहेत.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे राज्य चक्रावून टाकते. त्यात नाणे नव्हते आणि आपल्या अर्थाने लिपीही नव्हती. कर होता तो श्रमांचा. प्रत्येक कुटुंबाने पाळीपाळीने राज्याच्या शेतावर, रस्त्यावर, पुलावर किंवा सैन्यात काम करावयाचे. या पाळीलाच ‘मिता’ असे नाव होते. दहा, शंभर, हजार आणि दहा हजार कुटुंबांचे गट, प्रत्येक गटावर एक अधिकारी, आणि हिशेब दोरांच्या गाठींत, म्हणजे खिपूंत. या गाठी दशमान पद्धतीच्या आहेत, हे लेलँड लॉक याने १९१२ मध्ये दाखवून दिले. मात्र मिताला दुसरी बाजू होती. पाळीवर आलेल्या माणसाला राज्याने खाऊ-पिऊ घालावे, मक्याची दारू द्यावी, कामाची अवजारे पुरवावीत, हे बंधन होते. कोठारे त्यासाठीच होती. दुष्काळात ती रयतेसाठी उघडली जात, असे काही स्पॅनिश बखरकार सांगतात. इंकांच्या अर्थव्यवस्थेवर १९५६ मध्ये प्रबंध लिहिणारे जॉन मुरा यांना हे चित्र फार गुलाबी वाटले. त्यांच्या मते साठा मुख्यतः सैन्य, दरबार आणि पाळीवरचे लोक यांच्यासाठी होता. मला मुरा यांचे म्हणणे पटते. आपल्याकडे कोठार उघडायला दामाजीपंतच लागले आणि त्याची भरपाई करायला साक्षात विठोबा. कोणत्याही राज्याचे कुलूप आपणहून उघडत नाही.

इंकांचे राज्य रामराज्य होते असा याचा अर्थ नव्हे. जिंकलेल्या लोकांना समूहाने उचलून दूरच्या प्रांतांत वसवणे ही त्यांची नेहमीची रीत होती, आणि हाउहा खोऱ्यातील वांका लोकांनी १५३३ मध्ये स्पॅनिशांची बाजू घेतली. त्यांनी नव्या मित्रांना धान्य, लामा, कापड, हमाल सर्व काही पुरवले. पुढे १५६१ मध्ये या वांका सरदारांनी लिमाच्या न्यायालयात भरपाईचा दावा लावला आणि पुरावा म्हणून खिपू वाचून दाखवले. १५३३ पासून काय दिले, किती दिले, याची सारी नोंद गाठींत होती; जे लुटले गेले तेही स्वतंत्रपणे नोंदले होते. राज्य बुडाले, तरी हिशेबनीस आपल्या जागेवर बसून गाठी मारीत राहिले. आयुष्यभर नोंदवह्यांत डोके घातलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून गहिवरून आले, हे कबूल करतो.

कोठारेही बराच काळ टिकली. १५४७च्या सुमारास ला गास्का याचे सैन्य हाउहाला सात आठवडे तळ देऊन होते आणि कोठारांतील साठ्यावर जगले, असे पोलो दे ओंदेगार्दो याने लिहून ठेवले आहे. हा पोलो पुढे कुस्कोचा कोरेगिदोर, म्हणजे साधारणतः आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा अधिकारी झाला. पण ती भरणारे हात आता दुसरीकडे नेण्यात येणार होते.

१५६९ मध्ये फ्रान्सिस्को दे तोलेदो हा व्हाइसरॉय आला. माणूस अत्यंत कार्यक्षम. पाहणी केली, जनगणना केली, विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना नव्या गावांत बसवले. १५७२ मध्ये शेवटचा इंका तुपाक आमारू याचा कुस्कोच्या मुख्य चौकात शिरच्छेद केला. आणि १५७३ मध्ये त्याने पोतोसीच्या चांदीच्या खाणीसाठी मिता सुरू केली. नाव इंकांचेच, पाळीही त्यांचीच. नेमलेल्या प्रदेशातील प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा दरवर्षी पोतोसीच्या किंवा वांकावेलिकाच्या पाऱ्याच्या खाणीकडे जावयाचा. कोठारांतून मिळणारे अन्न मात्र या नव्या मितात उरले नाही. माणसे बायकामुले, लामा आणि महिनोन्‌महिन्यांचा शिधा घेऊन कित्येक आठवडे चालत जात. मजुरी ठरलेली होती, पण ती खुल्या मजुराहून कमी. रयतेचे कर्तव्य जसेच्या तसे चालू ठेवले गेले आणि राज्याचे तेवढे गळाले. तोलेदोच्या आदेशांत ‘जुनीच प्रथा’ हा आधार होता. प्रशासनात या दोन शब्दांवर किती फायली निभावतात, हे मी वेगळे सांगायला नको.

ही व्यवस्था १८१२ पर्यंत चालली. मध्यंतरी १७७७ मध्ये कुस्कोच्या दक्षिणेकडील एक स्थानिक प्रमुख, होसे गाब्रिएल कोंदोरकांकी, आपल्या गावांना पोतोसीच्या मितातून सूट मिळावी म्हणून लिमाला अर्ज घेऊन गेला. अर्ज फेटाळला गेला. नोव्हेंबर १७८० मध्ये त्याने दुसरा तुपाक आमारू म्हणून बंड उभारले. रसद, परवाने व निरोप यांचे काम त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास सांभाळीत होती. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या त्याच चौकात दोघांनाही ठार करण्यात आले. सारे रीतसर, निकालपत्रासह.

अर्थतज्ज्ञ मेलिसा डेल यांनी २०१० मध्ये मिताच्या जुन्या सीमारेषेच्या आतील आणि लगतच्या बाहेरील गावांची तुलना प्रसिद्ध केली. आतील कुटुंबांचा उपभोग सुमारे पाव हिश्शाने कमी भरला, आणि रस्त्यांचे जाळेही विरळ. प्रथा बंद होऊन दोनशे वर्षे होत आली होती. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली, तरी ‘वेठीस धरणे’ आपण रोजच्या बोलण्यात वापरतोच. पेरूत ती खूण घरखर्चाच्या आकड्यांत मोजता आली.

तेव्हा सहाव्या दिवशी सकाळी साक्सायवामान. दुपारी कोरिकांचा, जेथे सूर्यमंदिराच्या भिंतींवर सांतो दोमिंगोचा मठ उभारला गेला. १९५०च्या भूकंपात मठाचे मोठे नुकसान झाले, खालच्या इंका भिंती उभ्या राहिल्या. सातवा दिवस मुख्य चौकासाठी मोकळा ठेवला आहे. पोतोसीचा मोह होता. पण ते आता बोलिव्हियात, चार हजार मीटरहून उंचावर. डॉक्टरांनी मान हलवली आणि रजाही तेवढी नाही.