प्रकाशोपचार : काम झाल्यावर औषध जाते कुठे?

पेण तालुक्यातील जोहे गाव गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरांना ठाऊक असते, की शाडूची मूर्ती विसर्जनानंतर पाण्यात विरते, प्लास्टरची तशी विरत नाही. काम संपल्यावर वस्तूचे काय होते, हा प्रश्न वैद्यकातही महत्त्वाचा आहे. प्रकाशाच्या साहाय्याने कर्करोगावर उपचार करण्याचा इतिहास आपण याच प्रश्नाच्या अंगाने पाहू या.

सुरुवात जर्मनीतील म्यूनिक येथे झाली. ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी ॲक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामीशियमवर होणारा परिणाम तपासत होता. द्रावण तेच, पण जीव कधी लवकर मरत, तर कधी उशिरा. फरक द्रावणात नसून प्रकाशात होता! हे निष्कर्ष १९०० साली प्रसिद्ध झाले. राबचे गुरू फॉन टापायनर यांनी १९०३ मध्ये येझिओनेक यांच्यासह त्वचेच्या कर्करोगावर इओसिन व प्रकाश यांचा एकत्र प्रयोग केला. या क्रियेला ऑक्सिजनही लागतो, हे पुढे स्पष्ट झाले. रंगद्रव्य प्रकाशाची ऊर्जा शोषून ऑक्सिजनला देते आणि असा क्रियाशील झालेला ऑक्सिजन पेशींचा नाश करतो.

मात्र रंगद्रव्य शरीरात रेंगाळले तर? १९१२ साली मायर-बेट्झ या डॉक्टरांनी २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःलाच टोचून घेतले. उन्हात जाताच त्यांचा चेहरा व हात सुजले. उन्हाचा हा त्रास सुमारे दोन महिने टिकला.

अमेरिकेत टॉमस डॉहर्टी यांनी याच द्रव्यापासून बनवलेले औषध वापरून १९७८ साली २५ रुग्णांचा अहवाल दिला. त्यांच्या ११३ गाठींपैकी १११ गाठी पूर्णतः किंवा अंशतः नाहीशा झाल्या होत्या. १९९३ मध्ये कॅनडाने अशा औषधाला प्रथम मान्यता दिली. तरीही ते घेतल्यावर रुग्णाला निदान महिनाभर उन्हापासून दूर राहावे लागते.

२००३ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट दाखवली. त्यांनी सिलिकाच्या सूक्ष्म गोळ्यांवर सोन्याचा मुलामा चढवला. हे कण प्रकाश शोषून तापतात आणि त्या उष्णतेने गाठ नष्ट होते. येथे ऑक्सिजनची गरज नाही. पण शंभराहून अधिक नॅनोमीटरचे असे कण मूत्रपिंडातून गाळले जात नाहीत, ते यकृतात व प्लीहेत साचतात. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला.

त्यावरील एक उत्तर रायगड जिल्ह्याशी निगडित आहे. टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था २००२ साली परळहून खारघरला आली. तेथील अभिजित डे आणि पवईच्या आयआयटीतील रोहित श्रीवास्तव यांनी सहकाऱ्यांसह २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कणाचा गाभा सिलिकाऐवजी लायपोसोमचा, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पोकळ फुग्याचा होता. त्यावर सोन्याचा थर होता. उंदरांच्या गाठींवर ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर टाकला. रक्त व पाणी हा प्रकाश कमी शोषतात, म्हणून तो ऊतींमध्ये अधिक खोल जातो. गाठी पूर्णपणे नष्ट झाल्या. विशेष म्हणजे हे कण यकृताच्या पेशींत विघटित होऊन पित्तावाटे व मूत्रावाटे बाहेर पडले.

मात्र हे उंदरांत घडले आहे. उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब असते आणि अनेक औषधे त्या वाटेवरच थांबतात. म्हणून 'सोन्याने कर्करोग बरा होतो' अशी जाहिरात दिसली, तर विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत : प्रयोग कोणावर झाला? किती जणांवर झाला? आणि काम झाल्यावर औषध गेले कुठे? या तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, पण मायर-बेट्झ यांच्या सुजलेल्या चेहऱ्याने तो शतकापूर्वीच विचारला होता.